भोंगा वेळेवर वाजला

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. गळा मोठा आणि अक्कल बेताची, अशी माझी जात. भाज्या गोठवून पिशव्यांत भरण्याच्या कारखान्यात, पाण्याच्या टाकीखालच्या भिंतीवर मी बसलेलो असतो. इथून मला अंगण दिसतं, फाटक दिसतं आणि भरणी खात्याच्या खिडक्याही दिसतात.

माझा जन्म एका लहानशा वर्कशॉपमधला. पोटात मोटार, तिच्यावर पात्यांचं चाक आणि तोंडाला पत्र्याचा कर्णा. मिस्त्रीनं पहिल्यांदा बटण दाबलं, तेव्हा शेजारचा न्हावी वस्तरा हातात घेऊन रस्त्यावर धावत आला आणि त्याच्यामागून गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं. मिस्त्री पोट धरून हसला. मला मात्र मूठभर मांस चढलं.

कारखान्यात माझा रुबाब मोठा होता. पाळी भरली की एक लांब सूर, सुटली की एक लांब सूर. तुटक तुटक वाजलो, तर मात्र सगळ्यांनी हातातलं टाकून फाटकाकडे पळायचं. इथली थंडी अमोनियाच्या नळांतून येते. तो वायू सुटला तर छातीत आग होते, माणूस गुदमरतो. त्याचा वास खोल्यांत पोचण्याआधी मी ओरडतो. ती चार-दोन मिनिटंच माणसाला वाचवतात.

भरणी खात्यात दोन जावा होत्या. थोरलीची उमेदीची वर्षं यंत्रघराच्या भिंतीला लागून काम करण्यात गेली. त्या घरघरीनं तिचं ऐकणं हळूहळू कमी होत गेलं आणि एक दिवस माझा आवाजही तिच्यापर्यंत पोचेनासा झाला. बाया आधी हसल्या. "सोयीचं तेवढं बरोबर ऐकते हो!" असं म्हणायच्या. काही जणी तिच्या कानाशी ओरडायच्या आणि आपण फार मदत केली असं समजायच्या. धाकटी तसं करायची नाही. समोर उभी राहून ती सावकाश बोलायची, बाकीचं हातांनी सांगायची. मी वाजलो की तिचा हात थोरलीच्या खांद्यावर पडायचा.

एकदा धाकटीनं मुकादमाला विचारलं, "साहेब, भोंग्याबरोबर आत एक लाल दिवा लावता का? मी एखादे दिवशी नसले, तर जाऊबाईंना कळायचं कसं?"

"एका बाईसाठी वायरिंग करू? आणि तू आहेस की!" मुकादम म्हणाला.

मुकादम दुष्ट नव्हता, हेही सांगायला हवं. त्याला दोघींचे हातवारे म्हणजे टिवल्याबावल्या वाटायच्या. त्यानं थोरलीला आतल्या गोदामात खोकी रचायला पाठवलं, एकटीला. "तिला कुठं गप्पा मारायच्यात? एकटीच बरी," तो म्हणाला. धाकटी विनवण्या करत राहिली, पण ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी ठरलं.

मग तो दिवस आला. यंत्रघरात एक झडप फुटली आणि मी तुटक वाजू लागलो. बाया, हमाल, ड्रायव्हर सगळे फाटकाकडे धावले. मुकादम गोदामाच्या दाराशी थांबला, "अगं, बाहेर चल!" म्हणून दोनदा ओरडला आणि पळाला. थोरलीची दाराकडे पाठ होती. ती खोकी रचत राहिली.

फाटकापाशी धाकटीनं गर्दीत एकेक चेहरा पाहिला आणि टाहो फोडला. ती मागे वळली, पण चौघांनी तिला धरून ठेवलं. मित्रांनो, त्या दिवशी मी जितका ओरडलो, तितका जन्मात ओरडलो नव्हतो. गावाच्या टोकापर्यंत लोक घराबाहेर आले. माझ्यापासून पन्नास पावलांवर असलेल्या त्या एका बाईला मात्र काही कळलं नाही. वास आला तेव्हा ती निघाली असणार. पण तोवर गोदामातून बाहेर यायचा बोळ वायूनं भरला होता. ती तिथंच सापडली.

चौकशी झाली. भोंगा वेळेवर वाजला, असं ठरलं. मुकादम रडत सांगत होता, "मी हाक मारली होती हो, दोनदा मारली होती." तो खरंच बोलत होता. कुणाचंच काही चुकलं नव्हतं आणि एक बाई जिवानिशी गेली होती. मला या गोष्टीची अजून चीड येते.

यावर उपाय म्हणून त्यांनी माझा जुना कर्णा काढून दुप्पट मोठा बसवला. मला रंगही दिला. बघणारे म्हणतात, काय दणदणीत आवाज आहे! धाकटी नोकरी सोडून गेली. दिवा अजून लागलेला नाही.

मित्रांनो, ज्याला ऐकू येत नाही त्याच्यावर ओरडू नका, त्याला हसू नका. त्याच्या समोर या, चेहरा दिसू द्या, मग बोला. आणि धोक्याच्या वेळी पळण्याआधी एकदा मागे बघा, कुणाला कळायचं राहिलंय का.

अंगण झाडणारे काका हल्ली बोलणाऱ्याकडे डावा कान करतात. पोटावर पाय येईल म्हणून कुणाला सांगत नाहीत. काल पाळी सुटल्याचा सूर मी पोटभर दिला. सगळे डबे उचलून निघाले, काका खाली मान घालून झाडतच राहिले. त्यांच्या खांद्यावर तुमच्यापैकी कुणीतरी हात ठेवा. मला हात नाहीत.