सहाव्या थांब्याची धास्ती

मी ट्रॉम्बोन बोलतोय. माझ्या पितळेची शपथ, यातला एक शब्दही खोटा नाही. मी राजवाड्यात वाजलोय. म्हणजे 'राजवाडा' नावाच्या हॉटेलात. तेही आत नाही, गाड्या लावतात तिथं. पण बाकी सगळं खरं. आणि मी भित्रा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आत्ता वाद्यं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या टेबलावर आडवा पडून थरथरतोय, तो निव्वळ गारठ्यानं. भिंतीवर हातोड्या टांगल्या आहेत. मी तिकडं बघत नाही.

ज्यांची-माझी ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या अंगावर बटणं नाहीत. एकात एक बसणाऱ्या लांब नळ्या आहेत. बाहेरची नळी पुढं-मागं सरकवली की सूर बदलतो. तिचे थांबे सात. पहिला नाकासमोर, आणि सातवा जिथं बहुतेकांचा हात पुरत नाही तिथं.

माझा पहिला मालक बँडमधला एक अगडबंब गडी. मनानं देवमाणूस, पण बसण्याआधी मागं बघायची सवय नाही. एकदा मला खुर्चीवर ठेवून चहाला गेला, परत आला आणि बसला. बाहेरच्या नळीला पोचा पडला, नेमका सहाव्या थांब्याच्या वाटेवर. पाचव्यापर्यंत लोण्यासारखा, सहाव्याला घोडं अडलं! गड्यानं मला घासूनपुसून चकचकीत केलं आणि जुन्या वाद्यांच्या दुकानात गुपचूप विकून टाकलं.

त्या दुकानात मागच्या दाराशी एक लाकडी खोकं होतं. जे विकलं जात नाही ते खोक्यात, आणि खोकं भट्टीत. माझ्या शेजारचा कर्णा असाच गेला. काही दिवसांनी दुकानातल्या बेसिनला नवी पितळी तोटी बसली. ती उघडली की आतून त्याच कर्ण्याचा आवाज यायचा. खोटं वाटत असेल तर जाऊन ऐका! तेव्हापासून दुकानदार नुसता उठला तरी माझ्या नळ्यांना घाम फुटायचा.

अशात एक मायलेकींची जोडी आली. आई लाँड्रीत इस्त्री करणारी, हाताला वाफेचा वास. मुलगी एवढीशी, म्हणून सगळे तिला टिंगू म्हणत. शाळेतल्या बँडच्या सरांनी आईला बजावून पाठवलं होतं, "ताई, शिकाऊ पोरीला स्वस्तातलाच घ्या. रंग उडालेला चालेल. पण एक बघाच. उभा धरायचा, नळीची कडी सोडायची. नळी आपल्या वजनानं सुर्रकन खाली आली पाहिजे. आणि खाली हात धरा, नाहीतर पायावर आदळेल."

आईनं मला उभं धरलं. खोकं समोरच होतं. मी पोट आत ओढलं, पोचा गिळून टाकला, श्वास कोंडला. कडी सुटली. नळी सुर्रकन खाली! दुकानदाराचासुद्धा विश्वास बसेना. टिंगू माझ्या गळ्यात पडली आणि मी घरी आलो.

घरात सुख होतं. टिंगूचे गाल फुगायचे, शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. तिचा हात जेमतेम पाचव्या थांब्यापर्यंत पुरायचा. मला वाटलं, आता जन्माची ददात मिटली.

पण दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. आई टिंगूला तिथं उभी करून डोक्यावर रेघ मारायची आणि म्हणायची, "बघ, वाढलीस की गं!" आई दूध पाजतेय, टिंगू दाराला लोंबकळतेय, आणि कोपऱ्यात मी एकटा मनात म्हणतोय, पुरे गं बाई, एवढी वाढू नकोस. बाह्या आखूड झाल्या, मनगटं बाहेर आली. माझा काळ बोटाबोटानं जवळ येत होता.

मग सरांनी जाहीर केलं, "मोठ्या बँडमध्ये एक जागा आहे. या चालीतला शेवटचा लांब सूर ज्याला येईल त्याची." सूर कुठला? सहाव्या थांब्याचा.

टिंगू घरी आली, हात ताणला. खर्रर्र. पुन्हा ताणला. खर्रर्र. ती घाबरून माझ्याकडं बघत राहिली. आतून आईनं विचारलं, "काय गं, काय वाजलं?"

"काही नाही! हात पुरत नाहीये."

सरांनाही तिनं तेच सांगितलं. सर म्हणाले, "हात? अगं, तुझा हात बाहीतून वीतभर बाहेर आलाय. आण इकडं." त्यांनी कडी सोडली. नळी सहाव्यापाशी अडकली. टिंगूच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आईला बोलावणं गेलं.

"ताई, दुकानात नळी सोडून बघितली होतीत ना?"

"बघितली होती की." आई जमिनीकडं बघत म्हणाली.

"मग हा भंगारात द्या आणि दुसरा बघा."

"नको!" टिंगू ओरडली. "दुसरा नको मला. जागा नाही मिळाली तरी चालेल."

"कुणी टाकत नाहीये गं," आई म्हणाली. "आधी मिस्त्रीला दाखवू."

म्हणून इथं आलोय. मिस्त्रीनं नळी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, "आतून पोलादी गज घालून पोचा बाहेर काढावा लागेल. पत्रा पातळ आहे. निघाला तर निघाला. फाटला, तर मग माझ्याकडं बघू नका." आईनं मान हलवली. टिंगूनं तिचा पदर घट्ट धरला.

आता गज तोंडाशी आलाय, तेव्हा खरं सांगून टाकतो. दुकानात नळी सुर्रकन खाली आली, ते मी रचलं. ती सहाव्यालाच अडकली होती. आईनं पाहिलं. मग माझ्या गळ्यात पडलेल्या लेकीकडं पाहिलं, एका बोटानं नळी हळूच खाली ढकलली आणि म्हणाली, "आली की सुर्रकन!"

म्हणजे थाप मुळात तिची, मी नुसती पुढं चालवली. तोटीचं मात्र खरं आहे.

आणि गारठा नाहीये इथं. मिस्त्रीची शेगडी पेटलेली आहे. टिंगू, तू डोळे मीट. मला मिटता येत नाहीत.