गाडीतली चौथी जागा

"नकाशा उचल आधी," मी नंदनला म्हणाले. "ताट काय डोक्यावर ठेवू का भाऊसाहेबांच्या?"

नंदनने नकाशा चार बोटं सरकवला आणि परत त्यावर वाकला. माझा हा लेक इथे कॅनडात, केंब्रिजच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. हाताखाली माणसं आहेत, ती त्याला घाबरतात म्हणे. पण मे महिना लागला की त्याला पाखरांशिवाय काही सुचत नाही. वर्षातला एक दिवस ठरवायचा, उजाडल्यापासून अंधारापर्यंत गाडी पळवायची आणि जितक्या जातींची पाखरं बघता येतील तितकी बघायची. त्याला ते बिग डे म्हणतात. मागच्या साली शंभराच्या अलीकडेच अडकले होते. ते शल्य वर्षभर उराशी घेऊन बसला होता.

"उजाडताना नदीकाठ," नीरजा, माझी सून, म्हणाली. "मग सरळ मोठ्या तळ्याकाठचं लाँग पॉइंट. रात्री दक्षिणेचा वारा असला तर उत्तरेकडे निघालेली वॉर्बलर पाखरं भरपूर उतरतील. आणि दुपारी लगून."

"लगून म्हणजे काय गं?"

"गावाचं सांडपाणी साठवतात ना आई, ती तळी. तिथं शोअरबर्ड्स असतात, चिखलात चरणारी पाखरं."

"म्हणजे रजा काढून, पेट्रोल जाळून गटार बघायला जायचं."

भाऊसाहेबांना हसता हसता ठसका लागला. ते निवृत्त डॉक्टर, एकटे असतात, पाखरं बघण्यातले या दोघांचे सोबती. गाडीत माणसं तीन, जागा चार.

मी त्यांच्या पानात थालीपीठ वाढायला गेले, तर त्यांनी हात आडवा धरला.

"बास ताई, पोट भरलं."

"इतक्यात?"

"खरंच नको."

"लोणी वितळतंय, बोलत काय बसलाय?" मी बोटांच्या फटीतून थालीपीठ सारलं. त्यांनी मुकाट्याने खाल्लं, वर आणखी अर्धं मागून घेतलं. पहिल्या 'नको'ला ताट उचलणारी बाई आमच्या कराडकडे कंजूष ठरते.

मला त्या गाडीतून जायचं होतं. उगाच लपवत नाही. पहिला बर्फ पडल्यापासून दवाखान्याखेरीज मी घराबाहेर पडले नव्हते. ही दोघं कामावर गेली की दिवसभर फ्रिजची घरघर ऐकायची. एप्रिलभर नंदन चहा पिताना मोबाइलवर पाखरांचे आवाज लावून पाठ करायचा. तो गेल्यावरही ते माझ्या कानात वाजत राहायचे. पण आपण होऊन 'मला न्या' म्हणणं मला जन्मात जमलं नाही. नवऱ्यालाही कधी म्हणाले नाही.

आणि त्याच दिवशी नंदनने नकाशावरची मान वर करून विचारलं, "आई, तू येतेस का? एक सीट आहे."

माझ्या हातातलं उलथणं थांबलं.

"मला कशाला कोंबताय त्या गाडीत?" मी म्हणाले. "म्हातारीचं ओझं."

"ओके," नंदन म्हणाला आणि पुन्हा नकाशात गेला.

त्यांचा आपसात एक नियम आहे. गाडीतल्या सगळ्यांना पाखरू दिसलं किंवा ऐकू आलं तरच ते मोजायचं. एक माणूस वाढला की मोजणी अवघड होते, एवढं मलाही कळतं. 'ओके' म्हणताना तो सुटल्यासारखा दिसला की मला तसं वाटलं, देव जाणे.

भाऊसाहेब मात्र जुन्या वळणाचे. "चला हो ताई," ते म्हणाले. "मोकळी हवा, तळं समुद्रासारखं. गंमत वाटेल."

"नको हो. गुडघे कुठे साथ देतात?"

हे 'नको' किती पातळ होतं ते कराडच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. भाऊसाहेबांना कळलं. तिसरा आग्रह करायला त्यांनी तोंड उघडलं, आणि नंदनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मायेनेच ठेवला.

"भाऊसाहेब, तिला फोर्स नको. ती दोनदा नो म्हणाली ना? नो म्हणजे नो. आपण रिस्पेक्ट केलं पाहिजे."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी तव्याकडे बघितलं.

त्यानंतरचा आठवडा मी वाट बघितली. माझे चालायचे बूट पुसून दारापाशी ठेवले. नीरजाने ते कपाटात ठेवले. "कुणी अडखळेल, आई," म्हणाली. एकदा मी तिला विचारलं, "त्या तळ्याकाठी गार असतं का गं?"

"खूप. बरं झालं तुम्ही येत नाही ते."

हिच्याशी कोण डोकं लावणार!

त्या दिवशी झुंजुमुंजू होतानाच भाऊसाहेब आले. मी दशम्या, चटणी, दहीभात, सगळं पिशवीत भरलं होतं. अंगावर कोट होता, पायात बूट होते. पिशवी घेऊन मी गाडीपर्यंत गेले.

"आई, कोट?" नंदन म्हणाला.

"बाहेर गार आहे."

"हो, आहे खरं." त्याने माझ्या हातातून पिशवी घेतली, मागच्या रिकाम्या जागेवर ठेवली. दह्याचा डबा कलंडेल म्हणून पिशवीवरून सीटबेल्ट ओढून खटकन लावला. "परफेक्ट. आई, तू आता मस्त झोप काढ."

भाऊसाहेबांनी काच खाली केली. काही बोलणार होते, पण गाडी वळली.

ड्राइव्हवेत मी उभी. शेजारची लुर्देस आपल्या वाफ्यात कांद्याची रोपं लावत होती. ती पोर्तुगालची, माझ्यासारखीच विधवा. दोघींचं इंग्रजी मिळून एका वाक्याचं.

तिने माझे बूट बघितले. "यू गो?"

"येस," मी म्हणाले. "वॉक."

"गुड, गुड!"

आता बोलले म्हटल्यावर चालणं आलं. आमचा रस्ता घोड्याच्या नालासारखा, मागच्या गल्लीतून फिरून परत आपल्याच दारात आणणारा. घराघरांपुढे गाड्या उभ्या होत्या, माणूस एक नाही. कुणाच्या तरी झाडावर काहीतरी चिवचिवत होतं. मी वर बघितलं नाही. वळसा घालून आले तर लुर्देस तिथेच. रोपांची अख्खी पाटी उरलेली.

दारात शिरून तिला काय सांगायचं? इतक्यात आलीस, म्हणाली असती.

मी पुढे गेले. दुसऱ्या फेरीला तिने मातीचा हात हलवला. तिसऱ्या फेरीला गुडघा ठणकायला लागला होता. लुर्देसने वाकल्या वाकल्या मान वर केली.

"नाइस डे!"

"येस," मी म्हणाले, कोटाचं वरचं बटण लावलं, आणि कुणीतरी वाट बघत असल्यासारखी भरभर पुढच्या वळणाकडे निघाले.