रिकाम्या खडकाचा फोटो

"पाण्याकडं बघू नको, रव्या. पाणी भुलवतंय. घड्याळाकडं बघ, अन् अर्धं मिनिट झालं की शटर सोड."

विश्वंभरकाकांचं हे शेवटचं बोलणं. पुसेगावच्या टेकडीवरच्या धबधब्याची धार तेव्हा श्रावणात भरून पडत होती. भिंगावर काळी काच चढवायची, म्हणजे उजेड कमी शिरतो अन् शटर बराच वेळ उघडं ठेवता येतं. पडणारं पाणी फोटोत दुधासारखं उतरतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्या रविंद्रला ते सारं नवं होतं. त्यानं घड्याळावरची नजर हलवली नाही. मान वर केली, तेव्हा काका कुठंच नव्हते.

शोधायला आलेल्यांना त्यानं तोच फोटो दाखवला. धारेच्या माथ्यावरचा खडक रिकामा. काकांचा मेहुणा धनसिंग म्हणाला, "खडकावर गेलाच न्हाई, तर पडंल कसा? गेला असंल निघून. घरात टिकत होता का कधी?" खाली कयाधू नदीला पूर होता, काही हाती लागलं नाही. सगळ्यांचा भरवसा त्या फोटोवर बसला. पद्माकाकूंनी कुंकू ठेवलं, अन् नवरा परतावा म्हणून सोमवार धरले.

यंदा रविंद्र पुन्हा धारेवर गेला. शटर उघडं होतं, तेवढ्यात म्हैस रेकली म्हणून त्यानं वर पाहिलं. म्हशींचा कळप माथ्यावरचं पाणी ओलांडून सावकाश निघून गेला. मग त्यानं फोटो पाहिला. एकही म्हैस नव्हती. नुसता खडक, अन् दूध.

तेव्हापासून कुठल्याही धबधब्याचा फोटो समोर आला की त्याला वाटे, यातून कुणीतरी चालत जातंय.

शेवटी तो काकूंच्या दारात उभा राहिला. 

"काकू, धारेवर येता का? एक दाखवायचंय."

"आज सोमवार हाय. पूजा तेवढी उरकते, मग चल."

धारेखालच्या सपाट कातळावर त्यानं त्यांना उभं केलं. "ह्या दगडापासून त्या दगडापर्यंत चाला. थांबू नका."

"ह्या वयात फोटो? तुझे काका आले की हसतील मला." पदर नीट करून त्या चालल्या.

कॅमेऱ्यात डोकावून त्या म्हणाल्या, "मी कुठाय रे? बराबर तर चालले."

"चाललात, काकू. चालणारं माणूस ह्यात उतरत न्हाई."

काकू फोटोकडं बघत राहिल्या. मग वर, माथ्यावरच्या खडकाकडं.

"म्हंजे, तेबी..."

"व्हय."

त्या खालीच बसल्या. धारेचे तुषार अंगावर येत होते, ते पुसलेही नाहीत. "काहून सांगितलंस? रुसून गेलेत म्हणलं, की बरं वाटायचं. रुसलेलं माणूस येतं." मग त्यांनी कपाळावरच्या कुंकवाला हात लावला, अन् तसाच खाली घेतला. "पण किती दिवस त्यांला तसंच भिजत ठेवायचं?"

देह सापडला नाही, की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. उतरताना काकू एवढंच म्हणाल्या, "दर्भ तू आणशील? तुझ्यासंगंच गेले होते."

"आणतो. उद्याच."

दुसऱ्या दिवशी फटफटायला लागलं, तेव्हा रविंद्रनं कॅमेऱ्याची बॅग खुंटीलाच राहू दिली. पोत्यात विळा गुंडाळला, कडी न वाजवता दार ओढलं, अन् कयाधूच्या काठाकडं चालू लागला.