भिंतीपासून हातभर दूर

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता डोणगावच्या एका अंगणवाडीत रेणुकाचा मनोरा तिसऱ्यांदा पडला. लाकडी ठोकळे चटईभर पांगले, एक खिचडीच्या पातेल्यापाशी जाऊन थांबला. रेणुका रडली नाही. चार वर्षांच्या या मुलीला मनोरा स्वतःएवढा उंच हवा होता, आणि तो कमरेच्या वर टिकत नव्हता.

"भितीले टेकव ना वं," शेजारचा संघर्ष म्हणाला. तो तिच्याच वयाचा. त्याचा मनोरा भिंतीला टेकून उभा होता.

"नाही. माल ओला होते."

सेविका अश्विनीताईंनी हसू दाबलं. रेणुकाचे वडील निवृत्ती धान्याच्या गोदामात पोत्यांच्या थप्प्या लावतात. भिंतीची ओल लागू नये म्हणून थप्पी हातभर दूर ठेवायची, ही तिथली रीत. रेणुका दुपारी तिथेच खेळते.

"ठोकळे कुठं ओले होतेत?" संघर्षने विचारलं.

"पावसात."

"कुठं हाय पाऊस?"

"येईन ना."

मदतनीस झुंबरबाईंना राहवेना. "आण वं माय, इकडं दे."

"हात नका लावू, मावशी. पडू द्या," अश्विनीताई म्हणाल्या.

"पाह्यवत नाही ना, बाई."

"मग तिकडं तोंड करा."

आतापर्यंत रेणुका एकावर एक ठोकळा ठेवत होती. या वेळी तिने दोन शेजारी ठेवले, त्यांच्यावर दोन आडवे. बोटाने ढकलून पाहिलं. हललं नाही. पुन्हा ढकललं, मग भराभर रचत गेली. अशा रचनेला ठोकळे जास्त लागतात, हे तिला मनोरा खांद्याला आल्यावर कळलं. चटई रिकामी होती. उरलेले सगळे संघर्षच्या मनोऱ्यात.

"मले देतं का?"

"काऊन देऊ? तूच म्हणली, माहा माल ओला होते."

रेणुकाने थोडा विचार केला. "मग इकडं दे. वाळून जाईन."

संघर्षने वरचा ठोकळा काढला आणि गालाला लावून पाहिला.

"थंडा हाय," असं म्हणून त्याने तो दिला. त्यानंतर आणखी दोन दिले. मग हात आखडला. "बाकीचे उद्या पाह्यतो."

सुट्टी झाली तेव्हा मनोरा रेणुकाच्या हनुवटीपर्यंत आला होता. झुंबरबाईंनी तो कोपरा न झाडताच सोडला. अश्विनीताईंनी दार हळू ओढून कुलूप लावलं. रेणुकाने खिडकीतून पाहिलं. तोवर तो उभा होता.