काटे काढलेली मासोळी

बोलण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. पंधरा ऑगस्ट असो की कुणाचा निरोप समारंभ, शाळेत माईक माझ्याच हातात येतो. चंद्रपूरला सतरा वर्षं मुलांना मराठी शिकवतेय, तेव्हा एवढं तर यायलाच हवं. पण ह्या बोलण्यानेच माझा घात केला. कसा, ते सांगते. सांगताना लाज वाटते, तरी सांगते.

आमचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, 'खोली नंबर चार'. चामोर्शीच्या वसतिगृहात आम्ही पाच जणी ज्या खोलीत तीन वर्षं राहिलो, तिचं हे नाव. रीता आता कुरखेड्याकडे ग्रामसेविका आहे. दिव्यानी अंगणवाडीत आहे, सुकरीचं शिलाईचं दुकान आहे. आणि गिरजा. ती मार्कंड्याजवळच्या आपल्या माहेरच्याच गावात राहते, आठवडी बाजारात मासोळी विकते. पाचवी मी, रंजीता.

उन्हाळ्यात रीताने एक खेळ काढला. ती एक विषय देणार आणि रविवारी प्रत्येकीने आपलं आवडतं काहीतरी बोलून पाठवायचं. लिहायचं नाही, कारण गिरजाला मोबाईलवर लिहिणं जमत नाही. पहिल्या रविवारी आवडती भाजी. सुकरी तरोट्याच्या भाजीवर असं बोलली की मला चंद्रपुरात तरोटा शोधत फिरावंसं वाटलं. मग आवडतं लुगडं, आवडती शिक्षिका. गिरजाचं दर वेळी एकच यायचं, चार सेकंदांचं. "मले बी तेच." आम्ही हसायचो. मी जरा जास्तच हसायचे.

एका सोमवारी रीताने विषय सांगितला. "बापाची एक आवडती आठवण. आठ दिवस हायेत, बराबर आठवून ठेवा."

मला आठ दिवस नको होते. रविवारी सकाळी स्वयंपाकघरात उभी राहून मी एका दमात बोलले. मी सहा-सात वर्षांची होते, शिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा होती, गर्दीतून बाबा मला वैनगंगेच्या रेतीवर घेऊन गेले. तिथे त्यांनी पळसाच्या पानात गुंडाळून मासोळी भाजली. मग एकेक घास बोटांत चाचपून बारीकसा काटासुद्धा काढला आणि म्हणाले, 'आता डोळे मिटून खाय.' "आज इतकी वर्षं झाली," मी शेवटी आवाज थोडा खाली आणून म्हणाले, "पण तसं निर्धास्त मी पुन्हा कधी जेवले नाही."

पूर्ण तीन मिनिटं. पाठवल्यावर मी तीनदा ऐकलं, मोठ्या आवाजात. आवडलं होतं मला माझंच.

ग्रुपवर तर पूर आला. रीता म्हणाली, रडवलंस. सुकरी म्हणाली, "मस्त सांगितलं वं. पन तुहे बाबा तं आपल्या बकेटीच्या कड्या लावून देत. मले वाटलं, तू तेच सांगशीन." त्यावर मी नुसता हसरा चेहरा पाठवून दिला. बकेटीच्या कड्या हा काय सांगायचा विषय आहे, असं माझ्या मनात आलं.

मग दिव्यानीचा आवाज आला. "रंजीता, शिवरातीले मासोळी? तुह्या घरी उपास नोहता का वं?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आमच्याकडे शिवरात्रीला लहान लेकरूही रताळ्यावर राहतं. नदीकाठच्या घरांतून त्या दिवशी जाळं खुंटीवरून खाली निघत नाही. जत्रा मी शोभेसाठी घातली होती. नुसती रेती, नुसती नदी मला फिकी वाटली, म्हणून देऊळ, घंटा, गर्दी सगळं आणलं. अशी चूक ज्याच्या घरी ती गोष्ट घडली त्याच्याकडून होत नाही. दुसऱ्याची वस्तू अंगावर घालून मिरवणाऱ्याकडूनच होते.

कारण ती आठवण माझी नव्हतीच. गिरजाची होती.

नववीत असताना मला ताप आला होता. शेजारच्या बाजेवर गिरजा होती. मला जेवण जात नव्हतं म्हणून तिने सांगितलं, तिच्या बाबांनी, मनसाराम भाऊंनी, तिला एकदा नदीच्या रेतीवर मासोळी कशी भाजून दिली ते. मी अर्धवट ग्लानीत ऐकलं. नंतर कधीतरी डी.एड.ला असताना मैत्रिणींसमोर ते माझ्या तोंडून निघालं, आणि निघालं ते 'माझे बाबा' म्हणूनच. त्या सगळ्या इतक्या गप्प होऊन ऐकत होत्या की मला खरं सांगवलं नाही. मग लग्न ठरल्यावर नवऱ्याला सांगितलं. मग एकदा शाळेत, पालकांच्या सभेत. दर वेळी ती गोष्ट थोडी अधिक माझी झाली. पण गिरजा ज्या ग्रुपवर आहे त्याच ग्रुपवर ती सांगताना माझी जीभ अडखळली नाही, ह्याला काय म्हणावं? गिरजा तिथे आहे हे मी विसरले होते. खरं बोलायचं तर, ती बोलेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

पण ती बोलली. दिव्यानीच्या पाठोपाठ तिचा आवाज आला. "शिवरातीची नाई, मंगची असन. जत्रा आठ-धा दिवस राह्यते. लहानपनचं कोनाच्या ध्यानात राह्यते?"

दिव्यानी लगेच म्हणाली, हो वं, तसंच असन. रीता म्हणाली, "गिरजा, आता तुहीच राहिली. सांग."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. ह्या वेळी 'मले बी तेच' नव्हतं. "मले काई आठवत नाई."

रीता सहज सोडणारी नाही. तिने सांगून टाकलं, गिरजाचं आल्याशिवाय नवा विषय नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी गच्चीवर जाऊन मी गिरजाला फोन लावला. घाबरले की मी पुस्तकी बोलते.

"गिरजा, माझ्याकडून ते चुकून झालं गं."

"तीन मिनिटं चुकून बोलनं होते काय?"

तिकडे बकरी ओरडत होती, कुणीतरी भांडी घासत होतं.

"आठ दिवस मी पाठ करून राह्यली होती," गिरजा म्हणाली. "बाजाराले जाता जाता आपल्या आपन बोलून पायत होती. मनलं, या खेपी तरी 'मले बी तेच' नाई मननार. बाबा गेले मांगच्या बैलपोयाले. त्याच्यावरचं कोनाले सांगितलं नाई मी अजून."

"मग सांग ना. मी सगळ्यांना खरं काय ते सांगते."

"तू काऊन सांगशीन? आन् आता मी सांगीन तं चोर मीच दिसन. तू मास्तरीन."

"मग मघाशी मला सांभाळून का घेतलंस?"

"तुले?" ती हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. "माहा बाप शिवरातीले पानी नाई प्यायचा. दिव्यानीनं त्याच्या उपासावर बोट ठेवलं, म्हनून बोलली मी. तुह्यासाठी नाई बोलली."

फोन तिनेच ठेवला. मी मघाशी 'सगळ्यांना सांगते' म्हणाले होते. सांगितलं का? नाही. तो आठवडाभर मी रोज फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. वर्गात मुलांना 'खरे बोलावे' हा सुविचार फळ्यावर लिहून दिला, आणि मागे वळायची हिंमत होईना.

माझ्या बाबांचं नाव दादाजी; आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. शहात्तर वर्षांचे आहेत. आयुष्यभर धानाच्या बांधीत वाकले आणि आता वाकूनच चालतात. बोलणं आधीपासून कमी. वसतिगृहात असताना दर महिन्याला बावीस किलोमीटर सायकल हाणत तांदळाची पिशवी घेऊन यायचे. मला बोलवायला बाई आत गेल्या की त्यांना नुसतं उभं राहवायचं नाही. नळाशी पडलेल्या मुलींच्या तुटक्या बकेटी घेऊन बसायचे आणि खिशातल्या तारेने कड्या लावून द्यायचे. मुली रांग लावायच्या. मी खिडकीतून पाहायचे आणि मुद्दाम उशिरा खाली उतरायचे. बाप आहे की मजूर, असं वाटायचं मला. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय.

पुढच्या रविवारी नवरा खाणीत पाळीवर होता. बाबा सकाळीच काठी घेऊन बाहेर पडले आणि दोन तासांनी पिशवी घेऊन परतले.

"मासोळी आनली. बनव."

मला नवल वाटलं. ते स्वतःहून कधी काही मागत नाहीत. चार तुकडे होते, मी रस्सा केला. दुपारी जेवायला बसलो तर त्यांनी चारही तुकडे माझ्या ताटात टाकले. "मले नोको. दातानं होत नाई," म्हणाले. मग माझं ताट आपल्याकडे ओढलं.

मी पाहत राहिले. तारा पिळून पिळून वाकडी झालेली ती बोटं. एकेक तुकडा सोडवायचा, चिमटीत चाचपायचा, काटा काढून आपल्या ताटात टाकायचा. डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून बोटांनीच शोधत होते. पाचेक मिनिटं गेली असतील. ताट माझ्याकडे सरकवलं.

"खाय. डोये मिटून."

मी मिटले. त्यांच्याकडे पाहायची सोयच नव्हती. शेवटचा घास कसाबसा गिळला आणि डोळे न उघडताच म्हणाले, "बाबा, ते तुमी नोहते. गिरजाचे बाबा होते. मी लबाड बोलली."

"मालूम आहे."

"मालूम आहे?"

"मी कवा नेलं तुले नदीवर? मले येळच कुठी होता. तीनदा आयकलं मी तुहं बोलनं. मनलं, पोरीले हे पायजे होतं आन् आपल्याले समजलंच नाई. एक तं खरं करून ठेवू."

मला त्या जागीच जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी गिरजाचा बाप पळवला होता, आणि माझा इथे बसून, न केलेल्या गोष्टीची भरपाई करत होता. उजवा हात खरकटा होता. डाव्या हाताने फोन घेतला आणि ग्रुपवर बोलले. पहिल्यांदाच मला काही नीट बोलता आलं नाही.

"मागच्या रविवारची गोष्ट गिरजाची होती. तिच्या बाबांची. मी चोरली. याआधीही तीन ठिकाणी माझी म्हणून सांगितली. मनसाराम भाऊंनी शिवरात्र कधी मोडली नाही, ती मी मोडली. माझ्या बाबांची आठवण बकेटीच्या कड्यांची आहे. मला तिची लाज वाटायची. सुकरी, तू बरोबर होतीस. गिरजा, तुझी तू सांग."

पाठवलं. दोन निळ्या खुणा झाल्या. मी ताटावर तशीच बसून राहिले, हात वाळून गेला.

मग गिरजाचा आवाज आला. आधी बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.

"आयका. शिवरात नोहती, पान्याचे दिवस होते. दोन रोज जायात काई लागलं नोहतं. तिसऱ्या रोजी एकच मासोळी लागली, येवढीशी. बाबानं रेतीवरच भाजली. काटे काढून काढून सगळी मलेच देल्ली. मी मनलं, तुमी बी खा. तं मने, मले काटेच आवडतात. आन् मने, तू डोये मिटून खाय. मी मिटले. मले वाटे, काटा नाई लागनार म्हनून मनत असन." पुन्हा वारा. "मोठी झाल्यावर समजलं. तो काटे चोखून राह्यला होता, ते मले दिसू नोय म्हनून."

एवढंच. नववीत मी हे शेवटचं ऐकलं नव्हतं. झोप लागली असेल. किंवा ऐकलं असेल आणि कामाचं नाही म्हणून गाळलं असेल. आता काय सांगू?

मी फोन खाली ठेवला आणि पहिल्यांदा बाबांच्या ताटाकडे पाहिलं. कोरडा भात होता आणि काट्यांचा ढीग, एकेक काटा पांढरा स्वच्छ चोखलेला. दातानं होत नाही म्हणणारे माझे बाबा खाली मान घालून शेवटचा काटा तोंडातून काढत होते.