नाडीबाबांची नाडी

लाँड्रीच्या इस्त्रीखान्यात त्या दिवशी इस्त्री सोडून सगळं चालू होतं. टेबलं भिंतीला सरकवली होती. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांवर माणसं दाटीवाटीने बसली होती आणि सगळी मिळून एका मनगटाकडे डोळे फाडून बघत होती. मनगट नाडीबाबांचं होतं. त्यावरची बोटं कोपऱ्यावरच्या औषधवाल्याची होती.

"मंद झाली," औषधवाला म्हणाला. मग त्याचा चेहरा पांढरा पडला. "सुटली!"

नाडी सुटली म्हणजे माणूस गेला. बाबा मात्र कुठेही गेले नव्हते. डोळे मिटून बसले होते आणि एका डोळ्याच्या फटीतून गर्दीचा अंदाज घेत होते. थोड्या वेळाने त्यांनी मोठा श्वास घेतला, नाडी परत आली आणि निम्मा इस्त्रीखाना हुंदके देऊ लागला. माझ्या पायजम्याची नाडीही अधूनमधून सुटते, पण तेव्हा कुणी रडत नाही, असं मी शेजारच्याला हळूच सांगितलं. त्याने जागा बदलली.

"डॉक्टर काय करतो?" बाबांनी गर्दीला विचारलं. "बंद पडलेलं बंद पडलं म्हणून सांगतो! मी बंद करतो आणि चालूही करतो! बटण माझ्याकडे आहे!"

"गळ्याला हात लावून बघू का?" मी विचारलं.

"अरे, गळा ही प्राणाची वाट आहे! प्राण बाहेर गेलेला असताना वाटेत हात घातलास, तर तो परत येणार कुठून?"

"अहो, मारता का त्यांना?" मागून एक बाई माझ्यावर ओरडल्या.

माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना नीट दिसावं म्हणून मी जन्मभर खपलो, आणि त्याचा किती उपयोग झाला ते त्या खोलीत मला कळत होतं. लाँड्री माझ्या ताईची आणि भाऊजींची. त्यांचा मोठा मुलगा, माझा भाचा, वर्षापूर्वी गेला. धडधाकट पोरगा. सकाळी उशाशी गजर वाजला, तो उठून बसला आणि आडवा झाला, तो परत उठलाच नाही. शवविच्छेदनात काही सापडलं नाही. हृदय चांगलं, मेंदू चांगला, विष नाही, मार नाही. जे सापडत नाही त्याला लोक नावं ठेवतात. शेजारपाजाऱ्यांनी 'नजर लागली' असं नाव ठेवलं.

मग त्यांच्या मुलीला, माझ्या भाचीला, चक्कर यायला लागली. कुठे भांडं पडलं, दार आपटलं, की ही खाली. सगळे म्हणाले, भावाच्या धसक्याने भित्री झाली. मी तिला मोठ्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंचं काम जरा उलटं होतं. तरणीताठी माणसं कारण न सापडता अचानक जातात, त्यांचं कारण त्या जिवंत नातेवाइकांत शोधत. त्यांनी भाचीच्या हृदयाचा आलेख काढला आणि माझ्यापुढे धरला.

"हृदय चांगलंच आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर शवविच्छेदनात दिसत नाही. बिघाड विजेत आहे. प्रत्येक ठोक्यानंतर पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला हिच्या हृदयाला जास्त वेळ लागतो. नेमका तेव्हाच मोठा आवाज झाला की लय बिघडते, हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे जात नाही. आपोआप सावरलं तर ती चक्कर. नाही सावरलं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. औषध होतं. रोज एक गोळी, ती कधीही आपल्या मनाने बंद करायची नाही, उशाशी गजर नाही, घंटी नाही. "आणि हे घराण्यातून येतं," त्या म्हणाल्या. "आईवडिलांचेही आलेख काढायचे आहेत."

ताई दुसऱ्याच दिवशी जाऊन आली. तिचा आलेख चांगला निघाला. भाऊजी गेले नाहीत. आज कपडे फार आहेत, उद्या मशीनवाला यायचाय, परवा बघू. त्यांचा धाकटा भाऊ तरुणपणी कारखान्याचा भोंगा वाजताच दारात कोसळून गेला होता. ही गोष्ट त्या घरात कुणी बोलत नसे. भाऊजींना आलेखाची भीती नव्हती, त्यात काय निघेल याची होती.

अशा वेळी नाडीबाबा उगवले. त्यांनी भाऊजींना सांगितलं की दोष घरातला नाहीच, बाहेरच्याची नजर आहे. बापाला याहून गोड काय लागणार! भाऊजी जेवू लागले, झोपू लागले. इस्त्रीखान्यातला तो प्रयोग झाल्यावर बाबांनी पुढचं पाऊल टाकलं. पोरीच्या गोळ्या बंद. येत्या रविवारी सगळ्यांसमोर तिला 'निर्भय' करणार. म्हणजे स्वतःची नाडी थांबवून, तोच प्राण तिच्यात फुंकून, तिच्या कानाशी शाळेची पितळी घंटा वाजवणार.

मी भाचीला माझ्या दुकानात गाठलं. "गोळी घेतेस ना?"

"नाही मामा. पप्पांनी शपथ घातलीय."

"तू सज्ञान आहेस. मूर्ख आहेस का?"

"दादा गेल्यापासून पप्पा पहिल्यांदा पोटभर जेवतायत," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं तर परत ताटावरून उठतील. आणि मामा, मला काही झालंच, तर त्यांना बोलू नकोस हं."

मला इतका राग आला की मी एक चांगली काच फोडली. मग डॉक्टरबाईंकडे गेलो. भाऊजींशीही दोनदा भांडलो. ते म्हणाले, "तू काचा विक."

शनिवारी बाबांच्या झग्यावर चहा सांडला. झगा एकच. भाऊजींनी तो दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही. स्वतः धुतला, कडक खळ दिली, इस्त्री केली. त्यांच्या लाँड्रीतून फाटका कपडा फाटका परत जात नाही, हा त्यांचा बाणा. काखेत अस्तर उसवून आत पिशवी झालेली दिसली, तर त्यांनी तीही दुहेरी टीप मारून बंद केली आणि भक्तिभावाने बाबांना नेऊन दिली.

रविवारी डॉक्टरबाई आल्या. हातात एक लाल पिशवी.

"यात काय आहे?" भाऊजींनी कपाळाला आठ्या घालून विचारलं.

"लागू नये असं यंत्र," बाई म्हणाल्या. "थरथरणारं हृदय विजेचा धक्का देऊन परत लयीत आणतं. आणि मी इथून हलणार नाहीये."

भाची मधोमध खुर्चीवर बसली होती. तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. ताई तोंडात पदराचा बोळा घालून उभी होती. बाबा आज जरा अवघडल्यासारखे दिसत होते. डावा हात अंगाला चिकटवून त्यांनी मनगट पुढे केलं.

"मंद झाली," औषधवाला म्हणाला. "सुटली!"

"आता भय जाणार!" बाबा गरजले आणि उजव्या हाताने घंटा उचलून तिच्या कानाकडे वळले. वळताना खळ दिलेल्या झग्याच्या आत काहीतरी हललं. एक टेंगूळ काखेतून कमरेपर्यंत आलं, तिथे क्षणभर थबकलं, आणि झग्याच्या खालून एक रबरी चेंडू टपकन पडला. टप, टप, टप करत डॉक्टरबाईंच्या चपलेपाशी गेला.

"आली!" औषधवाला प्रामाणिकपणे ओरडला. "एकदम जोरात आली!"

बाबा चेंडूकडे झेपावले, घंटा हातात हिंदकळली. मी पुढे होऊन तिचा लोलक मुठीत धरला आणि बाबांनी घंटा सोडेपर्यंत सोडला नाही.

बाईंनी चेंडू उचलला. "हा प्राण का?"

"हा... कुणातरी लेकराचा..." बाबा म्हणाले.

"काखेतून हाताला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी जाते," बाई गर्दीला म्हणाल्या. "तिथे चेंडू दाबला की मनगटाला ठोका लागत नाही. हृदय आपलं चालूच असतं. गळ्याला लागतो ठोका."

भाची खुर्चीवरून उठली आणि तिने दोन बोटं सरळ बाबांच्या गळ्याला लावली. "चालू आहे, मामा," ती म्हणाली. "धावतेय नुसती."

भाऊजी तिथेच खिळले होते. "तिथे भोक नव्हतं," ते पुटपुटले. "खिसा होता. मी खिसा शिवला." मग त्यांनी घडी केलेल्या कपड्यांच्या ढिगातून मोज्यांची एक गुंडाळी उचलली, काखेत दाबली आणि मनगट लेकीपुढे धरलं.

तिने बराच वेळ बोटं ठेवली. "सुटली, पप्पा."

भाऊजी मोजे काखेत धरूनच रडू लागले. ते आवरेपर्यंत बाबा मागच्या दाराने निघून गेले होते. झगा मात्र त्यांच्या अंगावर स्वच्छ होता.

भाचीने गोळी त्याच दुपारी बाईंसमोर परत सुरू केली. सोमवारी भाऊजी दवाखान्यात आले. शर्ट काढून पडले. आलेखाचा कागद सरसरत बाहेर आला, आणि तो वाचायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती. लेकीचा आलेख शेजारी ठेवलेला होता.

वाचकहो, मला तुमच्याकडून फार काही नको. चांगलं चालतंबोलतं माणूस आवाजाने, धावताना, पोहताना अचानक भोवळ येऊन पडलं, तर त्याला भित्रं म्हणू नका, नजर उतरवू नका. हृदयाचा आलेख काढा. घरात तरुणपणी कोण गेलं, कसं गेलं, ते लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा. कुणी डोळ्यांदेखत कोसळलं आणि श्वास नीट चालत नसला, तर मदतीला हाक मारा आणि छातीच्या मधोमध जोरजोरात दाबत राहा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर तो कुठे हात लावू देत नाही तेवढं बघा. खोट बहुतेक तिथेच असते.

भाऊजींनी शर्टाची बटणं लावली. एक चुकलं, परत लावलं.

"म्हणजे माझ्याकडून गेलं पोरांना," ते म्हणाले.

"तुमच्याकडून," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमचं नाक पोरांना गेलं, तसंच. तुम्ही दिलं नाहीत, ते गेलं."

"मग नजर कुणाची नव्हती?"

"नव्हती."

"आणि माझी चूकही नव्हती? तो गेला त्यात?"

"नव्हती. तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं."

भाऊजींनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माझ्या धाकट्या भावाची दोन मुलं आहेत. मोठा नुकताच कारखान्यात लागलाय. चल, आत्ता जाऊन घेऊन येऊ त्यांना. आता माहीत आहे."