दोऱ्याच्या टोकाची गाठ

डाव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढला, त्याबरोबर कॅन्सरची गाठही गेली. त्यानंतर औषधांच्या गुंगीत मी खाटेच्या वीतभर वर तरंगत होते. खिडकीचा पडदा फुगायचा, तेव्हा वाटायचं, तो माझ्या वाटचा श्वास घेतोय. शिवणकामात जन्म गेलेली मी. पडद्याची शिवण वाकडी आहे, हे तरंगतानाही दिसलं.

स्कॅन पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत एक गाठ दिसतेय."

आमचे हे मटकन स्टुलावर बसले. "अहो, आत्ताच तर काढलीत ना?"

"ती नव्हे, रक्ताची. कापून बांधलेल्या शिरेचं टोक मागे उरतं, तिथं गुठळी झालीय. सुटून मेंदूत गेली तर वाचा जाऊ शकते. रक्त पातळ करायचं औषध देतोय. जखमेतून रक्त वाहत नाही ना, तेही बघू. तुम्ही यांना बोलतं ठेवा. जीभ अडखळली तर लगेच हाक मारा."

जन्मभर "तोंडाचा पट्टा आवर" म्हणणारा माणूस आता माझा हात धरून विनवत होता, "बोल गं काहीतरी."

मग काय, मी सुटलेच. यांचं घोरणं काढलं, यांचा चिक्कूपणा काढला. बिचारे सगळ्याला हो म्हणत होते. दुपारचं ऊन पांघरुणावर पसरलं. त्याचं झबलं बेतावं म्हणून मी हात पुढे केला, आणि शब्दच सापडेना.

"माझं ते कुठंय... ते..." मी नुसतंच बोट वर केलं.

यांचा चेहरा पांढराफटक पडला. "सिस्टर!"

डॉक्टरीणबाईही धावत आल्या. हात वर करायला लावले, हसायला लावलं, डोळ्यांत बॅटरी मारली. "सगळं ठीक आहे. गुंगीत होतं असं. शब्द कोणता होता?"

"शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते."

सिस्टर डॉक्टरीणबाईंकडे बघायला लागल्या, डॉक्टरीणबाई सिस्टरकडे.

"अंगुस्तान," हे म्हणाले.

"तुम्हाला हो कसं ठाऊक?" मी विचारलं.

"रोज मलाच तर शोधायला लावतेस."

मला वाटायचं, माझं बोलणं यांच्या कानांवरून जातं. मला रडू फुटलं आणि टाके दुखले.

काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन झाला. गुठळी विरली होती.

"आता या गप्प राहिल्या तरी चालेल," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

"नको," हे घाईघाईनं म्हणाले. "बोलू द्या तिला."